सात मुठी मीठ

"ठेव तिथं भिंतीकडंला," शांतव्वा म्हणाली आणि पुन्हा लसूण निवडायला लागली. पोत्याकडे तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

प्रभुलिंगनं पोतं टेकवलं. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं तो गडहिंग्लजला गेला होता आणि उन्हात भाजून दुपारी परत आला होता. बाजारात जवारी, म्हणजे गावरान, संकेश्वरी मिरचीची शेवटची चार-पाच पोती उरली होती. विकणारी बाई म्हणाली होती, "पावणं, आणखी आठ दिस लावला असता तर नुसती देठं मिळाली असती बगा." या संकेश्वरी मिरचीचं असंच असतं. संक्रांतीनंतर ती दिसायला लागते, ऊन चढलं की रंगात येते आणि वळवाचे एक-दोन तडाखे बसले की बाजारातून गायब होते. लांब, बारीक, अंगावर सुरकुत्या. चेहऱ्यानं गरीब आणि स्वभावानं जमदग्नी. ती चुकली की घरातल्या वर्षाच्या चटणीचं, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याचं, गणितच चुकतं.

"अक्का, बघ तरी. वास तरी घे."

"त्यात काय बघायचं? मिरचीच हाय न्हवं?"

प्रभुलिंगला आज बोलायचं होतं. गेलं वर्षभर बोलायचं होतं.

शांतव्वा त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून हुक्केरीकडच्या सासरहून माहेरी आली, ती इथलीच झाली. आई लवकर गेल्यावर प्रभुलिंगला तिनंच वाढवलं, शिरोलीच्या फाउंड्रीत तो नोकरीला लागला तेव्हा डबा तिनंच भरला, त्याची बायको गेली तेव्हा त्याच्या मुलाला, राजशेखरला, तिनंच पोटाशी धरलं. अजूनही ती त्याला तम्मा म्हणते, धाकटा भाऊ म्हणून. तम्मा त्रेसष्ट वर्षांचा झालाय, डोक्यावर चार केस उरलेत, ही गोष्ट तिला मान्य नाही. तिच्या नावावर घर नाही, शेत नाही. रेशनकार्डावर तिसऱ्या ओळीत नाव आहे तेवढंच.

पण एक गोष्ट मात्र तिची होती. दर उन्हाळ्यात ती सात घरांची चटणी करायची. चुलत्याची, मावशीची, भाच्यांची अशी सात घरं. आपल्या हातानं मसाला भाजायचा, डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, स्वतः बसून कुटून घ्यायचा आणि सात डबे सात दिशांना धाडायचे. कुणाच्या घरी रस्सा चांगला झाला की म्हणायचे, अक्काची चटणी हाय. एवढीच काय ती तिची मिरासदारी. त्यासाठी मिरची आणायचं काम प्रभुलिंगचं. तीस वर्षं त्यानं ते चोख केलं.

आणि गेल्या वर्षी माती खाल्ली.

नुकताच रिटायर झाला होता. गडहिंग्लजला म्हणून निघाला आणि स्टँडवर फाउंड्रीतले दोघं जुने दोस्त भेटले. मिसळ झाली, चहा झाला, साहेबांच्या नकला झाल्या, आणि तीन गाड्या निघून गेल्या. उन्हाचं आता कुठं जायचं, मिरची ती मिरची, असं म्हणून त्यानं गावातल्याच एका दुकानातून पोतं उचललं. लालभडक, गुळगुळीत, कुठल्या मुलखातली देवाला ठाऊक. वर आपली लबाडी पक्की व्हावी म्हणून स्टँडवरच्या गाड्यावरून अक्काला आवडतात म्हणून करवंदं घेतली. घरी येऊन गाडीत केवढी गर्दी होती, कागलजवळ टायर कसा पंक्चर झाला, हेही रंगवून सांगितलं. फाउंड्रीत पस्तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून जरा जास्तच बोलला.

त्या चटणीला ना रंग धरला ना चव. श्रावणात वारणानगरला शिवय्याकडे जेवणं होती. शिवय्या हा चुलतभाऊ, साखर कारखान्यातून रिटायर झालेला, तोंडाचा फटकळ. भरल्या पंगतीत तो म्हणाला, "अक्का, वय झालं की आता तुझं. हात गेला बग तुझा!" सगळे हसले. शांतव्वाही हसली. आणि प्रभुलिंगनं भातावर आमटी ओढत मान हलवली. "व्हय की, वय झालंच की," असं काहीतरी तो पुटपुटला.

त्या दिवसानंतर शांतव्वा चटणीचं नाव काढेनाशी झाली. मसाला भाजायची तिची जाड बुडाची लोखंडी कढई तिनं माळ्यावर टाकून दिली. यंदा माघ सरला, फाल्गुन सरला, तरी तिनं मिरचीचा विषय काढला नाही. सुनेनं, विद्याश्रीनं, एकदा विचारलं तर म्हणाली, "बाजारात पाकीट मिळतंय की. हात गेलेल्या बाईच्या नादाला कशाला लागताय?"

आता प्रभुलिंगनं पिशवीतून फणसाच्या पानात बांधलेली करवंदं काढली आणि तिच्यापुढं ठेवली.

"अक्का, गेल्या वर्षी मी गडहिंग्लजला गेलोच नव्हतो."

शांतव्वाचे हात चालतच राहिले.

"ती मिरची गावातली हुती. मी खोटं बोललो तुझ्यासंगं. हातबीत काय गेला न्हाई तुझा."

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"गेल्या साली करवंदं प्लास्टिकच्या पिशवीतनं आणलीवतीस. गडहिंग्लजला बाया पानात बांधून देत्यात. आन् मिरची मोडली तवाच कळलं. वासच नव्हता तिला."

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

"सात घरं वाट बघत हुती. आन् तू एवढं टायर पंक्चरचं सांगत हुतास." तिनं लसणीची साल फुंकून उडवली. "मिरचीचं काय न्हाई रे तम्मा. यखाद्या वर्षी फसतीय मिरची. शिवय्या बोलला, त्येचंबी काय न्हाई, त्येचं तोंडच तसलं. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. म्हटलं, आता ह्यो बोलंल. तर तूबी मान हलवलीस."

प्रभुलिंगला वाटलं, हिनं पोतंच्या पोतं आपल्या डोळ्यांत ओतलं असतं तर परवडलं असतं. बहिणीला आपल्या लबाडीचा पत्ता नाही, या भरवशावर त्यानं वर्ष काढलं होतं, आणि ती मात्र त्याच्या एका शब्दाची वाट बघत त्याच्याच ताटात भाकरी वाढत होती.

"चुकलं माझं अक्का. यंदा कर. झकास मिरची हाय."

"मिरची चांगली हाय. दारातनं आत आलास तवाच वास आला," ती म्हणाली. "पण मी न्हाई करायची. साकु झालं आता."

साकु म्हणजे पुरे. घरात कन्नड शब्द आला की विषय संपला, हे प्रभुलिंगला लहानपणापासून माहीत होतं.

तरी दुसऱ्या दिवशी मिरच्या गच्चीवर वाळत पडलेल्या तिला बघवल्या नाहीत. पदर डोक्यावर ओढून ती उन्हात बसली आणि मिरच्यांची देठं खुडायला लागली. प्रभुलिंग समोर बसला. दोन दिवस दोघं खुडत होते. त्याच्या बोटांची आग व्हायला लागली की ती न बोलता तेलाची वाटी त्याच्याकडे सरकवायची. मसाला विद्याश्रीनं बँकेतून रजा काढून भाजला. शांतव्वा बाहेर कट्ट्यावर पाठ करून बसली होती. खोबऱ्याचा वास जरासा पुढं गेला तसं तिथूनच म्हणाली, "उतर आता." बाकी काही नाही.

डंकावर मात्र प्रभुलिंगला एकट्याला जावं लागलं.

शाहूपुरीतल्या पिराजीच्या डंकावर एप्रिलमध्ये बायकांची जत्राच भरते. लोखंडी मुसळं धाडधाड उखळात पडत असतात, शिंका आणि खोकल्यांनी शेड दणाणत असतं आणि डोळ्यांतलं पाणी कुणाचं कशामुळं हे कुणी विचारत नाही. प्रभुलिंगला ते बरंच वाटलं. रांगेत तो एकटाच पुरुष होता. पुढची झुंबरबाई वळून म्हणाली, "अण्णा, तुमी? अक्का न्हाई आली?"

"न्हाई. यंदा मी."

"बरं न्हाई व्हय त्यास्नी?"

"बरं हाय की," तो म्हणाला आणि पोत्याची गाठ उगाच सोडबांध करत राहिला.

नंबर आला. मिरची पडली, मसाला पडला, कांदा-लसूण पडला. उखळातून असा वास उठला की रांगेतल्या दोन-चार बायका पुढं येऊन बघून गेल्या. शेवटी पिराजीनं मुसळं थांबवली आणि तो बाजूला झाला. मीठ डंकवाल्यानं टाकायचं नाही, ज्याच्या घरची चटणी त्यानं आपल्या हातानं टाकायचं, ही तिथली रीत.

"किती टाकायचं?" प्रभुलिंगनं विचारलं.

"ते मला काय इचारताय? अक्का सात मुठी टाकायची बगा. वीस वर्सं बघतोय मी. सात घरं, सात मुठी."

प्रभुलिंगनं खड्याच्या मिठाची पिशवी सोडली. ज्या हातांनी पस्तीस वर्षं लोखंडी सुटे भाग उचलून मांडणीवर लावले, त्या हातांनी त्यानं मोजून सात मुठी मीठ टाकलं. चांगल्या भरभरून. कुठं कमी पडायला नको. तीस वर्षांत एकदाही तो अक्काबरोबर या रांगेत उभा राहिला नव्हता.

पहिला डबा घेऊन तो वारणानगरला गेला. शिवय्यानं तिथल्या तिथं झाकण उघडलं. "रंग लई झकास हाय की," म्हणत भाकरीच्या तुकड्याला चटणी लावली, तेलाची धार सोडली आणि घास तोंडात टाकला. मग त्याचा चेहरा आखडला. तो पाण्याच्या तांब्याकडे वळला.

"मीठ लई झालंय रं. म्हटलं नव्हतं मी, अक्काचा हात गेला म्हणून?"

"ही अक्काची न्हवं," प्रभुलिंग म्हणाला. "ही माझी हाय."

"तुझी?"

"व्हय. आन् गेल्या वर्षीची नासलेलीबी माझीच हुती. मी गावातनं भलतीच मिरची आणून अक्काला गडहिंग्लजची म्हणून सांगितलं. तू पंगतीत बोललास तवा मी गप्प बसलो. अक्काचा हात कधीच गेला नव्हता."

शिवय्या हसला. "आरं एवढं सांगायला आलास व्हय उन्हाचं? आमी कवाच इसरलो की ते. मी असं बोललोवतो हेबी ध्यानात न्हाई माझ्या."

ज्या शब्दापायी अक्कानं कढई माळ्यावर टाकली, तो शब्द बोलणाऱ्याच्या लक्षातही नव्हता. प्रभुलिंग उठला. तरी उरलेल्या सहा घरी त्यानं तेच सांगितलं, डबा हातात देण्याआधी. कुणी हसलं, कुणी बसा म्हणून सरबत पुढं केलं. भाचीनं "जाऊ दे की मामा" म्हणून समजूत काढली. हे सगळ्यांना सांगून आपल्याला हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

सातवा डबा पोचवून दिवेलागणीला तो घरी आला. शांतव्वानं ताट वाढलं. भाकरी, वांग्याचं भरीत, आणि कडेला नवी चटणी. तिनं स्वतःच्याही ताटात घेतली होती.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"मीठ जास्ती झालंय म्हणाले."

तिनं बोटानं चटणी जिभेला लावली. डोळे मिटून क्षणभर तशीच बसली.

"मिरची मात्र आपली हाय," ती म्हणाली. मग विचारलं, "किती टाकलंस मीठ?"

"सात मुठी. पिराजीनं सांगितलं."

"कुणाच्या मुठी?"

प्रभुलिंगनं आपल्या हाताकडे बघितलं. शांतव्वानं आपली मूठ मिटून त्याच्या मुठीशेजारी ठेवली. तिची मूठ त्याच्या निम्म्याहून थोडी मोठी असेल नसेल.

"मला इचारायचं हुतंस की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"पुढच्या साली इचारीन."

पुढच्या साली ती पंचाहत्तर वर्षांची होणार होती, आणि मिरची यायला अजून आठ-नऊ महिने होते. थोड्या वेळानं भिंतीला हात टेकत ती उठली, फडताळातली मिठाची बरणी तिनं खाली घेतली, आत हात घालून एक मूठ भरली आणि त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"हात कर."

त्यानं उजवा हात पुढं केला. तिनं आपली मूठ त्याच्या तळव्यावर रिकामी केली.

"एवढं. असं सात. ध्यानात ठेव."

प्रभुलिंगनं बोटं मिटली. मूठ भरली नव्हती. ताटातली भाकरी गार होईपर्यंत तो ती तशीच मिटून बसून राहिला.