हळू बोला, ती झोपलीय

"बाबा, तुम्ही बोलाल हो, पण ऐकू कोणाला जाणार?" मुलीनं शिंपीकाकांना विचारलं.

इस्पितळातल्या सभागृहात त्यांच्या बायकोची शोकसभा होती. आयुष्यभर तिथं नर्स म्हणून राबली, तेव्हा सभा मोठी होणार हे उघडच होतं. मेट्रननं फोन करून काकांनाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. काकांना दोन नको होते, एकच वाक्य बोलायचं होतं. पण ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवं होतं, आणि घोडं तिथंच अडत होतं. काकांचा आवाज कधीचा बसला होता. आजारानं नव्हे, संसारानं.

त्यांच्या दारावरची बेल वाजत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तिची वायर त्यांनी लग्नानंतर थोड्याच दिवसांत कापून टाकली होती. गिऱ्हाइकानं नखानं दारावर टकटक करायची, काकांनी दार किलकिलं करायचं, आणि मग माप घेण्याचा कार्यक्रम कुजबुजत पार पडायचा. "कॉलर?" "साधी." "खिसे?" "दोन." नवखा माणूस हमखास विचारायचा, "घरात कोणाचं फार दुखतंय का हो?" जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, या माणसाकडे शर्ट शिवायला टाकला की चोरीचा बेत आखून आल्यासारखं वाटतं.

दुखत कोणाचंच नव्हतं. आतल्या खोलीत काकू झोपलेल्या असायच्या.

काकूंनी जन्मभर रात्रपाळी केली. कोणी त्यांच्या गळ्यात मारली नव्हती, त्यांनीच मागून घेतली होती. इतर नर्स रात्रपाळी टाळायला सतरा सबबी सांगायच्या, आणि या बाई हौसेनं ती घ्यायच्या. का, तर दिवसा घरी राहता यावं. सकाळी घरी आल्या की आंघोळ करून थेट ओट्याशी. स्वयंपाक, मुलीची वेणी, डबा, धुणं. मग मुलगी शाळेत गेली की ती येईपर्यंत झोप. ती आली की पुन्हा उठून तिचा अभ्यास, संध्याकाळचं खाणं, आणि अंधार पडला की पांढरा गणवेश. काका एकदा म्हणाले होते, "अगं, दिवसपाळी घे की. घर मी बघतो."

"तुम्ही बघाल हो," काकू म्हणाल्या, "पण पोरगी दारात आल्यावर मी नको का दिसायला?"

मग काकांनी आपल्या धंद्याचं वेळापत्रकच फिरवलं. काकू झोपल्या की मशीनला हात लावायचा नाही. तेव्हा काजं, बटणं, तुरपाई, उसवाउसवी, जे जे हातानं होईल ते. काकू कामावर गेल्या की मशीन सुरू. गल्लीतली माणसं रात्रीच्या जेवणानंतर पाय पसरायची तेव्हा काका पायडल मारायला बसायचे. नवरा-बायको एका घरात राहून एकमेकांना भेटायचे ते दारात, एक आत येताना आणि एक बाहेर पडताना. भांडायलासुद्धा सवड नव्हती, आणि भांडले असते तरी कुजबुजूनच भांडले असते.

निवृत्तीनंतर सगळं सुरळीत होईल असं काकांना वाटलं होतं. कसलं काय! काकूंचं शरीर रात्री झोपायचं विसरूनच गेलं होतं. रात्रभर त्या टक्क जाग्या, आणि दुपारी डोळा लागायचा. त्यामुळे घर तसंच मुकं राहिलं. मुलगी लग्न होऊन गेली, तिचा फोन आला तरी काका उशीत तोंड खुपसल्यासारखे बोलायचे.

गेल्या महिन्यात एका दुपारी काकू अशाच झोपल्या. रोज तासाभरात चुळबुळ सुरू व्हायची, त्या दिवशी नाही. काका बाहेर कोटाला अस्तर लावत बसले होते आणि मनातून खूश होते. आज लागली बाईला झोप, म्हणत होते. दोन गिऱ्हाइकांना त्यांनी दारातूनच हातानं परतवलं. मुलीचा फोन आला तेव्हा म्हणाले, "हळू बोल, छान झोपलीय. संध्याकाळी कर." दिवे लागायच्या वेळी चहा घेऊन आत गेले, तेव्हा काकूंचे पाय गार पडले होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, कोणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं. खरंच असेल ते. पण सबंध दुपार काकांनी मेलेल्या बायकोची झोप राखली होती, आणि ते कोणत्याही डॉक्टरला पुसता येण्यासारखं नव्हतं.

सभागृह भरलं होतं. टेबलावर काकूंचा फोटो, गणवेशातला. मेट्रन म्हणाली, "सिस्टरना मी कधी थकलेलं पाहिलं नाही." एक जुना पेशंट म्हणाला, पहाटेसुद्धा त्यांचा चेहरा टवटवीत असायचा. मुलगी उठली आणि तीही म्हणाली, "आईनं तिथली पाळी केली, घरचीही केली. दमले असं कधी तिच्या तोंडून आलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. काका पहिल्या रांगेत बसून तळमळत होते. जो उठतो तो असा बोलतोय की ती बाई नव्हतीच, छताचा पंखा होता, बटण दाबलं की फिरणारा. एवढ्या मोठ्या गर्दीत तिला ओळखणारे आपण एकटेच आहोत, असं त्यांना वाटलं.

त्यांचं नाव पुकारलं. काका उठले, माइकसमोर उभे राहिले आणि बोलले. मेट्रनला ऐकू गेलं असेल, बाकी कोणाला नाही.

"आवाज!" मागून कोणीतरी ओरडलं.

मेट्रननं माइक त्यांच्या तोंडाशी आणला. काका पुन्हा बोलले. ओठ हलले, झालं.

"काका, जरा मोठ्यानं!"

त्यांनी फोटोकडे पाहिलं. समोर ती असताना मोठ्यानं बोलायचं, हे त्यांच्या अंगातच नव्हतं. आणि मग एकदम, फाटका कपडा टरकावा तसा आवाज निघाला.

"दमायची ती!"

माइक किंचाळला. लोक दचकले.

"खूप दमायची. चप्पल काढायला खाली बसली की तशीच भिंतीला टेकून राहायची, एक पाय चपलेत. घास तोंडात असताना डुलकी लागायची तिला. पोरीची वेणी घालता घालता डोळे मिटायचे, आणि पोरगी हलली की पुन्हा घालायची. तुमच्यासमोर नसेल दमली. तिला तुमच्यासमोर दमायची चोरी होती. घरी यायची ना, तेव्हा तिच्यात काही उरलेलं नसायचं, आणि त्या न उरलेल्यातून तिनं आमचं सगळं केलं. तिला झोप फार आवडायची. ती काही तिला पुरेशी मिळाली नाही. एवढंच सांगायचं होतं मला."

काका माइकपासून बाजूला झाले आणि आपल्या खुर्चीकडे आले. शेजारच्या खुर्चीत मुलगी पदराचा बोळा तोंडात कोंबून रडत होती, खांदे गदगदत होते आणि आवाज मात्र नावाला नव्हता. त्या घरात वाढलेली पोर, लहानपणी गुडघा फुटला तरी अशीच रडायची.

काकांनी तिच्या तोंडातला पदर हळूच सोडवला.

"रड बाळा, मोठ्यानं रड," ते म्हणाले. "आता कोणी उठणार नाही."