कालोलैनचे स्फटिक

एकवीस वर्षं मी कालोलैनच्या प्रयोगशाळेतली काचभांडी धुतली. मी इथलीच, ऑस्ट्रेलियातल्या होबार्टची; ती टोंगाची. तिच्या बेटाच्या समुद्रातल्या स्पंजातून तिने एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याचे स्फटिक पाडले. पांढरे, सुईसारखे, तान्ह्या बाळाच्या पापणीएवढे. त्यांच्यावर तिचा शोधनिबंध छापून आला, नोकरी टिकली, घर झालं, केस पिकले.

मग विद्यापीठाने नवी इमारत बांधली. टोंगात शनिवारी घर घासून काढतात, कारण रविवारी कामाला कुणी हात लावत नाही. हा नेम तिने इथेही पाळलेला. हलायच्या आधीच्या शनिवारी म्हणाली, "बेव्ह, जुनी घाण नव्या घरात न्यायची नाही." आम्ही बाटली न् बाटली आम्लात बुडवून काढली. जुने कोट टाकले. कुपीत उरलेली स्फटिकांची चिमूटही तिने दुसऱ्या प्रयोगाला वापरून टाकली. "ताजे पाडू की गं."

नव्या खोलीत ताजे पडेनात. बर्फात ठेवलं, काचकांडीने भांडं आतून खरवडलं. भांड्यातला द्रव तेलासारखाच राहिला; तेल ते तेलच. त्यातच ओसाकाचे संशोधक कुवाबारा यांचं पत्र आलं: तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेल, तुमची काही गफलत तर झाली नसेल? निबंध छापणाऱ्या मासिकाने स्फटिक पाडून दाखवायला महिन्याची मुदत दिली. नाहीतर तिचा निबंध मागे घेतल्याचं छापणार होते.

"लोक म्हणतील, टोंगाच्या बाईने स्वप्नात पाहिले स्फटिक," ती म्हणाली. हसली, पण जेवली नाही.

एका गुरुवारी ती हात धुता धुता थांबली.

"बेव्ह, आपण फार स्वच्छ झालो."

"म्हणजे?"

"आमच्या चर्चमध्ये आधी एक बाई सूर लावते, मग बाकीच्यांना तो सापडतो. जुन्या खोलीच्या हवेत स्फटिकांची धूळ होती. एखादा कण तेलात पडायचा आणि बाकीचे त्याच्यामागे जुळायचे. आपण त्या बाईलाच धुऊन काढलं."

जुनी इमारत सोमवारी सकाळी सातला पाडायची होती. शनिवारी दुपारी पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन तिने जुन्या खोलीतल्या फळीवर तेलाच्या तीन बशा उघड्या ठेवल्या.

रविवारी मी फोन केला. "जाऊन बघू या का? नुसतं एकदा खरवडलं तरी..."

"आज रविवार."

"देव काय तुझ्या बशा मोजत बसलाय?"

"तो नाही गं. आई मोजते. त्याच्याच शेजारी बसलीय ना."

"आणि उद्या तेलच निघालं तर?"

"तर तेल." पलीकडे मुलं भांडत होती, कुणीतरी डुकराचं मटण कापत होतं. "संध्याकाळची प्रार्थना आहे, ठेवते." ती दिवसभरात तीनदा चर्चमध्ये गेली, एकदाही इकडे आली नाही.

सोमवारी साडेसहाला आम्ही पोचलो, तर फाटकाशी पाडायचं यंत्र उभं. यंत्रावरचा हेल्मेटवाला म्हणाला, "पाच मिनिटं, बायांनो. मग मी तुमच्यासकट पाडीन."

पहिल्या बशीत तेल. दुसऱ्या बशीत तेल. तिसरीच्या काठाला पांढरी लव फुटलेली, आणि लवेतून सुया. कालोलैनने झाकण लावलं, बशी दोन्ही हातांत धरली आणि ती जिना उतरली.

त्याच दुपारी तिने ओसाकाला पत्र लिहिलं, एक प्रत मासिकाला. *तुमचं तेल खरं आहे. आमच्याकडेही तीन महिने तेलच होतं. सोबतच्या कुपीतला एक कण टाकून पाहा. स्फटिक आपसूक पडतात असं मी लिहिलं होतं, ते चूक.*

"शेवटचं कशाला?" मी विचारलं. "कण पाठवलास, पुरे झालं की."

"त्यांनी तीनदा केलं गं. मन लावून केलं. मग खोटं कुणाचं?"

दोन महिन्यांनी तिची दुरुस्ती छापून आली, पानाच्या तळाशी, चार ओळींत. तिच्याखाली कुवाबारांचा निरोप: स्फटिक पडले. निबंध राहिला. विभागप्रमुखांनी मात्र त्या वर्षी तिची बढती पुढे ढकलली. का, ते तिने विचारलं नाही. मीही नाही.