गद्रेबाईंचा पुढचा लेख

धुवायला टाकलेल्या कापडातून रंग सुटला आणि काचपात्रातलं पाणी पुन्हा निळं झालं.

“उल्हासनगरचे डाइंगवाले हे घेतील?” वैद्यसाहेबांनी विचारलं. “महिनाअखेर हा प्रयोग बंद करू, मीनलबाई. तुम्ही परत तपासणी विभागात या.”

अंबरनाथच्या या कारखान्यात मीनल सुती कापडावरचा रंग पक्का करणारं द्रावण बनवत होती. आधार होता १९६१ सालच्या एका लेखाचा. लेखिका कुमारी एस. गद्रे. पद्धत नेमकी, आकडे स्वच्छ. शेवटी एक वाक्य होतं : प्रत्यक्ष वापरातल्या अडचणी पुढच्या लेखात मांडू.

तो पुढचा लेख मिळत नव्हता. सुट्टीच्या दिवशी मीनल मुंबईतल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात बसून सूचीचे जाडजूड खंड चाळायची. विषयाखाली पाहिलं तर पानंच्या पानं भरून लेख. लेखकांच्या नावांत पाहिलं तर गद्रे १९६१ नंतर नाहीतच. बाईंनी संशोधन सोडलं असावं, असं तिने धरून टाकलं होतं.

रविवारी बदलापूरच्या घरी दारातून हाक आली. “काशे! अगं ए काशे!”

मीनल बाहेर आली. “इथे काशी कोणी राहत नाही हो.”

“तुझी सासू गं! आणखी कोण?”

सासूबाई, म्हणजे कुमुदिनीबाई, माहेरच्या मैत्रिणीचा आवाज ओळखून हात पुसत आल्या. “चांगुणे, हळू. सुनेला वाटेल, सासूने नाव लपवलं.”

“लपवलंसच की! तांदळात नवं नाव लिहिलं आणि आमची काशी गेली. मी घातलेलं पत्र परत आलं, या नावाची बाई नाही म्हणून.”

“मग नवऱ्याच्या नावाने घालायचं, वेडे.”

“ते मला कुठे ठाऊक? लग्नात तुझ्या रडण्यापुढे त्याचं नाव कुणाला ऐकू येतंय!”

दोघी हसत सुटल्या. चहाचं आधण ठेवता ठेवता मीनल थांबली. गद्रेबाईंचंही लग्न झालं असेल. आडनाव गेलं, कदाचित पहिलं नावही. मग त्यांना शोधायचं कशावरून?

लेखावरून. लेखाचं नाव कोणी तांदळात लिहून बदलत नाही.

ग्रंथालयात आणखी एक सूची होती. एखाद्या लेखाचा उल्लेख नंतर कोणी कोणी केला, हे तीत सापडे. आपल्याला मागचं नव्हे, पुढचं हवंय, तेव्हा हीच वाट, हे मीनलच्या आता लक्षात आलं. तिने गद्रेबाईंच्या लेखाची नोंद काढली आणि एकेका वर्षाचा खंड पाहत गेली. बहुतेक नावं एकदाच येत होती. ‘वर्तक, आय.’ मात्र पुन्हापुन्हा.

एवढ्या निष्ठेने हा जुना लेख कोण आठवत असेल?

तिने वर्तकांचा सर्वांत जुना लेख मागवला. शीर्षक पाण्यातल्या क्षारांबद्दल होतं. रंग पक्का करण्याचा त्यात शब्दही नव्हता. दुसऱ्याच परिच्छेदात होतं, ‘माझ्या आधीच्या लेखात’, आणि त्याला जोडलेला संदर्भ गद्रेबाईंचा. म्हणजे गद्रेबाईच आता आय. वर्तक झाल्या होत्या.

मीनल वाचत राहिली. क्षार जास्त असलेल्या जड पाण्यात रंग धाग्यात शिरण्याआधीच साका होऊन धाग्याच्या वरच बसतो. असा वर बसलेला रंग कोणतंही द्रावण धरून ठेवू शकत नाही. पहिले सगळे प्रयोग बाईंनी ऊर्ध्वपातित, म्हणजे क्षार नसलेल्या पाण्यात केले होते. मीनल मात्र बोअरचं पाणी वापरत होती, डाइंगवाले वापरतात म्हणून.

सोमवारी तिने तेच कापड ऊर्ध्वपातित पाण्यात रंगवलं, द्रावणातून काढलं आणि वैद्यसाहेबांसमोर धुतलं. साहेबांनी धुण्याचं नितळ पाणी उजेडाकडे धरून पाहिलं.

“छान. आता डाइंगवाल्यांना सांगायचं का, की बोअर बुजवा?”

“नाही. क्षार बांधून ठेवणारं काहीतरी रंगाच्या पाण्यातच घालू. त्यावर वर्तकबाईंचे पुढचे लेख आहेत. मी अजून पहिलाच वाचलाय.”

“म्हणजे आणखी किती वेळ?”

“वाचल्याशिवाय कसं सांगू, सर?”

साहेब काचपात्र खाली ठेवत म्हणाले, “वाचा. महिनाअखेरचं मी बघतो.”