आठव्या सोमवारची वाटी

मायाला पाचवा महिना सरला त्याच आठवड्यात अंबूबाईनं अकरा सोमवार बोलले. आधीची दोन बाळं तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच गेली होती. तेव्हा माया नवऱ्याबरोबर कोइम्बतूरला होती. तिथं धनाजीचं सोनं गाळायचं दुकान होतं. या खेपेला मात्र अंबूबाईनं लेकाला फोनवर बजावलं, "तिला हिकडं आणून सोड. माज्या डोळ्यांम्होरं ऱ्हाऊ दे." मायाला आई नव्हती. ती आटपाडीजवळच्या वस्तीवर आली, ती दोन बॅगा आणि एक ओव्हन घेऊन.

अंबूबाईनं आयुष्य मेंढरांमागं काढलेलं. एरवी मटण, अंडी, सगळं चालायचं तिला. पण सोमवारी ती अंड्याचं भांडंसुद्धा शिवायची नाही. दिवसभर उपाशी राहायची आणि दुपारी एकदाच काहीतरी फराळाचं खायची. तेही चार घास. मालक गेल्यापासून तिच्या तोंडाची चवच गेली होती.

मायाला डॉक्टरीणबाईंनी रोज एक अंडं सांगितलं होतं. उकडलेल्या अंड्याचा वास आला की ती ताट सारून उठायची. मग तिला कोइम्बतूरच्या घरमालकिणीनं शिकवलेला गोड पदार्थ आठवला. सफरचंदाचा मधला गाभा कोरून काढायचा, त्यात साखर-दालचिनी भरायची, भोवती दुधात शिजवलेला साबुदाणा ओतायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचं. त्या दुधात अंडं फेटून घातलं तर कळतही नाही.

आठव्या सोमवारी तिनं काचेच्या दोन वाट्या भरल्या. सासूची नुसत्या दुधाची, वेलदोडा घातलेली, स्वतःची अंड्याची. आपली डावीकडं, आत्यांची उजवीकडं, असं मनाशी म्हणत तिनं ट्रे आत सरकवला. सासूला ती आत्याच म्हणायची. अर्धा वेळ झाल्यावर मागच्या बाजूला रंग जास्त चढायला लागला, म्हणून तिनं ट्रे फिरवला. सफरचंदाच्या साली तडकून रस साबुदाण्यात उतरला, घरभर दालचिनीचा वास सुटला. तिनं उजवीकडची वाटी उचलून अंबूबाईपुढं ठेवली.

अंबूबाईनं पहिला चमचा जपून घेतला. दुसरा घेतला. मग मांडी नीट घालून बसली.

"काय गं हे? लय ग्वाड झालंय. सफरचंद अगदी लोण्यावाणी लागतंय."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. या बाईनं मायाच्या हातच्या कशालाही कधी चांगलं म्हटलं नव्हतं. हरखून जात मायानं स्वतःच्या वाटीतला चमचा तोंडात घातला. वेलदोडा लागला.

ट्रे फिरवल्याचं तिला तेव्हा आठवलं.

सासूची वाटी निम्मी झाली होती. "आत्या, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. पण समोरची बाई कितीतरी दिवसांनी चवीनं खात होती, मध्येच मान हलवत होती. माया बघत राहिली. अंबूबाईनं वाटीच्या कडेचा करपलेला साबुदाणासुद्धा चमच्यानं खरवडून खाल्ला.

त्या दिवशी मायानं ती वाटी तीनदा घासली. मंगळवारी सांगू म्हणाली, मग बुधवारी. दरवेळी काहीतरी आडवं यायचं. खरं तर काहीच आडवं येत नव्हतं. अंबूबाई शेजारच्या सुलाबाईला कौतुकानं सांगायची, "सुनेनं माज्या उपासाचं काय केलं हुतं म्हणून सांगू!" ते ऐकलं की माया परसात निघून जायची.

शुक्रवारी सकाळी पोटातलं बाळ हललंच नाही. मायानं कुशी बदलून पाहिलं, गार पाणी प्यायली, गूळ खाल्ला. काही नाही. अंबूबाईनं एक शब्द न विचारता पदर खोचला आणि प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये तिला पुढं बसवून विट्याला दवाखान्यात नेलं. वाटभर तिनं सुनेचा हात सोडला नाही. 'मीच केलं, मीच केलं,' एवढंच मायाच्या डोक्यात घुमत होतं.

डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं. क्षणभर नुसती खरखर, आणि मग धडधड ऐकू आली. भरभर, घोडं दौडावं तशी.

"बाळ झोपलं होतं," त्या हसून म्हणाल्या.

बाहेरच्या बाकड्यावर अंबूबाईनं डोळे पुसले. "माजं आठ सोमवार कामाला आलं गं पोरी."

आता मायाला राहवलं नाही. "आत्या, आठ न्हाई झालं. सातच." आणि तिनं खालमानेनं सगळं सांगून टाकलं. ट्रे, वाटी, वेलदोडा.

अंबूबाईनं डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"कवा कळलं तुला?"

"तुमी निम्मं खाल्लं हुतं तवा."

"मंग निम्मं तरी ऱ्हायलं असतं की गं." आवाज चढला नव्हता. "अंड्याचं मला काय न्हाई. चुकून झालं. पर तू बगत बसलीस?"



घरी आल्यावर अंबूबाईनं जाहीर केलं, की आता पहिल्यापासनं अकरा. धनाजी फोनवर हसला, "आये, देवाला कळतंय की चुकून झालं." त्यावर तिनं फोनच ठेवून दिला. "मीबी धरते तुमच्यासंगं," माया म्हणाली. "तुज्या पोटात जीव हाय. गप जेवायचं," असं म्हणून अंबूबाईनं तो विषय तिथंच संपवला.

पुढचे सोमवार मायाला खायला उठले. अंबूबाई तिच्याशी नीट बोलायची, पाय सुजले तर तेल लावायची. पण सोमवारी स्वतः चूल पेटवून दोन बटाटे उकडायची. सुनेनं आणलेलं पाणीसुद्धा घ्यायची नाही. त्या दिवशी माया घास चावायची तो नुसता बाळासाठी.

नव्या मोजणीतल्या पाचव्या सोमवारी अंबूबाई बाजारातून दोन सफरचंदं घेऊन आली आणि ओव्हनशेजारी ठेवली.

"कर. मी बसते हितं."

तिनं पाट ओढला आणि काचेसमोर बसली. मायानं साबुदाणा धुतला, दूध तापवलं, सफरचंदं कोरली. घरातली अंडी तिनं आधीच शेजारच्या घरी नेऊन ठेवली होती. पाऊण तास दोघी आतल्या लालसर उजेडाकडं बघत होत्या. वाटी निवल्यावर अंबूबाईनं ती सगळी खाल्ली, बरी की वाईट काही बोलली नाही, आणि वाटी स्वतः विसळून पालथी घातली.

नवव्या सोमवारनंतर दोन दिवसांनी माया बाळंत झाली. मुलगी. अकरावा सोमवार आला तेव्हा पोर बारा दिवसांची होती. अंबूबाई महादेवाला नारळ फोडून आली, तेव्हा सुलाबाई बाळाला बघायला येऊन बसली होती.

"आगं अंबू, तू तर अकराच बोलली हुतीस न्हवं? दिवाळीच्या आधीपासनं धरतीयास. लय झालं की."

मायाच्या कुशीत बाळ पीत होतं. तिनं मान वर केली नाही.

अंबूबाईनं खोबऱ्याचा तुकडा सुलाबाईच्या हातावर ठेवला. "मोजायला चुकले गं मी," ती म्हणाली. "वय झालं आता."

दुसरा तुकडा तिनं मायापुढं धरला. मायानं तो दोन्ही हातांनी घेतला. पण तोंडात घालायला तिला बराच वेळ लागला.