दुधाच्या दातातली रेघ

सर्वेवाल्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा थोरला माझ्या पोटात होता. तेव्हापासून त्या दरवर्षी येतात आणि तेच ते विचारतात: गरोदरपणी कुठं काम केलं, ताप आला होता का, बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का. एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारणारा माणूस चोर पकडायला आलेला असतो, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि आमच्या घरात चोर आधीच ठरलेला होता. थोरला उशिरा बोलायला लागला, आता सातव्या वर्षीही शाळेत मागं पडतो, याला कारण मी. सातव्या महिन्यापर्यंत मी रंगाच्या कारखान्यात डब्यांना लेबलं लावत होते ना! सासूबाई तोंडावर कधी काही म्हणाल्या नाहीत. शेजारणीला सांगायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं. लेकी बोले सुने लागे, दुसरं काय.

या खेपेला बाईंनी थोरल्याचा पडलेला दात मागितला. दुधाचे पुढचे दात पोटातच घडायला लागतात म्हणे. थरावर थर चढत जातो, आणि जन्माच्या सुमारास आत एक बारीक रेघ उमटते. रेघेच्या अलीकडचं आईच्या पोटातलं, पलीकडचं जन्मानंतरचं. शिसं मुलाच्या मेंदूला घातक; ते कुठल्या थरात किती आहे हे यंत्र सांगतं.

"आठवणीवर भरवसा नसतो," बाई म्हणाल्या. "मूल मागं पडलं की आई नसलेलंही आठवून सांगते. दाताचं तसं नाही."

सासूबाई लगबगीनं उठल्या आणि कापसात गुंडाळलेला दात घेऊन आल्या. इतका जपून कशाला ठेवला होता? माझ्यावर त्या दात धरून होत्याच, आता हातातही धरला. मी मुकाट्यानं सही केली. नाही म्हटलं असतं तर तेवढ्यावरूनच मी दोषी ठरले असते.

निकाल सांगायला बाईंनी त्यांच्या सर्वेच्या केंद्रात बोलावलं. धाकटी नुकती उभी राहायला लागली आहे. तिला सासऱ्यांपाशी ठेवून मी निघाले, तर सासूबाईही चपला घालून तयार. स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं त्यांना.

पडद्यावर दाताची चकती दिसत होती. रेघेच्या अलीकडे शिसं जवळजवळ नव्हतंच. मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम सासूबाईंकडे वळून बघितलं.

"पण पलीकडे वाढलंय, पहिल्या वर्षात," बाई म्हणाल्या. "सगळं त्याच्यामुळंच झालं असं एका दातावरून म्हणता येत नाही. तरी आलं कुठून ते शोधायला हवं. तेव्हा दिवसभर बाळ कुठं असायचं?"

मी तेव्हा कामावर परतले होते. उत्तर मला ठाऊक होतं. पण ते सासूबाईंच्याच तोंडून यायला हवं होतं.

"माझ्यापाशी," सासूबाई म्हणाल्या. "खिडकीत. लाकडी कठड्याला धरून गाड्या बघायचा. हिरड्या शिवशिवल्या की कठडाच चावायचा." रंग किती जुना, बाईंनी विचारलं. "मी लग्न होऊन आले तेव्हाचा. पोपडे निघतात."

जुन्या रंगात शिसं असायचं, बाई समजावत होत्या. मी मनातल्या मनात सात वर्षांचं काय काय ऐकवायचं ते जुळवत होते. सासूबाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, धाकटी कुठंय?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "खिडकीतून उचला तिला. आधी उचला, मग बोला."