दहापैकी दहा

बायजाने कापडी पिशवीतून वही काढली, पदराने पुसली आणि शैलाबाईंच्या पुढ्यात धरली.

"छायाची शेवटची वही. काय लिवलंय तेवढं सांगा, बाई. आमच्या घरात विंग्रजी कुनाला येतंय?"

दहिवलीतल्या या खोलीत शैलाबाई चौदा वर्षं इंग्रजीची शिकवणी घेत होत्या. छाया पोशीरहून यायची. महिन्यापूर्वी इकडेच येताना कर्जत स्टेशनच्या पुलावर चढता चढता ती खाली बसली, ती उठलीच नाही. काळजाची झडप लहानपणापासून खराब असणार, असं डॉक्टर म्हणाले. वय सतरा.

"नणंद म्हनते, पोरगी आतून खंगत व्हती आन् आईला दिसलं नाय?" बायजा भिंतीकडे बघत म्हणाली. "काय बोलू तिला? पोरगी कदी हूं की चूं बोलली नाय. म्हशीला मातर विंग्रजी शिकवायची. धार काढताना म्हनायची, कीप क्वाएट. म्हस बी गप ऱ्हायची."

शैलाबाईंनी पान उघडलं. 'कीप' या क्रियापदाची दहा वाक्यं. हा त्यांचा आवडता धडा. ठेवणे, राखणे, पाळणे, लपवणे, करतच राहणे, असे एका शब्दाचे अर्थ त्या रंगीत खडूंनी फळ्यावर लिहायच्या. मग चाळीस वह्यांचा गठ्ठा स्वयंपाकघरात नेऊन कुकरच्या शिट्ट्या मोजत तपासायच्या. कीप जागेवर आहे, पुढचं रूप बरोबर आहे, मारली खूण, उलटलं पान. याला त्या तपासणं म्हणत.

"'आम्ही दोन म्हशी पाळतो,'" त्यांनी सुरुवात केली. "'आई माझं जेवण गरम ठेवते.'"

"ठेवायचीच. चुलीच्या कडेला." बायजाचा चेहरा जरा सैलावला.

अशीच आणखी दोन वाक्यं झाली. पाचव्यावर शैलाबाई अडल्या. खोटं बोलणं सोपं होतं. समोरच्या बाईला एक अक्षर कळत नव्हतं. घर स्वच्छ ठेवावे, थोरांचा मान राखावा, असलं काहीही खपून गेलं असतं. जन्मभर तेच तर शिकवलं होतं.

"वाचा ना, बाई."

"'पुलाच्या पायऱ्या चढताना माझी छाती धडधडतच राहते. मी सारखी पडत असते.'" त्या पुढे वाचत गेल्या. "'हे मी आईपासून लपवून ठेवते. तिला कळलं तर ती मला घरी ठेवेल. मला शिकत राहायचं आहे.'"

बायजाचा पदर तोंडाशी गेला.

"म्हंजे तिनंच लपवलं व्हतं," ती म्हणाली. "मी आंधळी नव्हते."

"नव्हतात."

"आन् ह्ये खालचं, शेवटचं?"

शैलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"'बाई, हे तुमच्याजवळच ठेवा.'"

बायजाने वाकून पाहिलं. तिचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं आणि पानाच्या तळाशी थांबलं.

"ह्या लाल खुना कसल्या?"

"बरोबर असल्याच्या."

"आन् ह्यो आकडा?"

"दहापैकी दहा."

"कुनी दिलं?"

"मी."

बायजाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर शैलाबाईंना बरं वाटलं असतं.

"बायजाबाई, देवाशपथ सांगते, मी फक्त कीप बघितलं. वाक्य वाचलंच नव्हतं."

बायजाने वही अलगद ओढून घेतली, मिटली आणि पिशवीत घातली.

"वाचता मला येत नाय, बाई," ती म्हणाली.