प्रेमाने वागायचा पट्टा

आमच्या शाळेत कुणी कुणाला त्रास देत नाही. तसा मोठ्या बाईंचा हुकूमच आहे, दारावर रंगवून घेतलाय. मी इथली शिपाईमावशी. बावीस वर्षं झाली, पण एवढं प्रेम उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, देवाशप्पथ!

झालं काय, सातवीत एक पोरगी नवी आली. बोलताना अडखळते. आधीच्या दोन शाळांत पोरांनी चिडवून चिडवून नकोसं केलं, म्हणून बापाने इथे आणलं. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी तिला प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं केलं आणि माइकवरून सांगितलं, "ही बोलताना अडखळते. आधीच्या शाळेत हिला चिडवायचे. आपण नाही हं चिडवायचं!" घ्या! ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं. वर तिच्या अंगावर आडवा पट्टा चढवला, 'मी नवीन आहे, माझ्याशी प्रेमाने वागा.' महिनाभर काढायचा नाही.

आणि जो तिचं स्वागत करेल त्याच्या वहीत एक चांदणी. मग काय, पोरं सुटलीच. जिन्यात, नळापाशी, संडासाच्या दारात गाठायची आणि म्हणायची, "सु-सु-सुस्वागतम!" मी वर्गाच्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मावशी, स्वागतच करतायत ना?" सगळ्यात जास्त चांदण्या कुणाला? जो टारगट सगळ्यात हुबेहूब नक्कल करायचा, त्याला.

पोरगी मधल्या सुट्टीत माझ्या झाडू-बादल्यांच्या खोलीत बसून डबा खायची. एकदा म्हणाली, "मावशी, इथेही नाही ज-जमलं तर मी शाळाच सोडणार. बाबांना सांगितलंय." एवढी हुशार पोर, आणि घरी बसणार?

पुढच्या आठवड्यात 'स्नेही शाळा' नावाचं बक्षीस द्यायला पाहुणे आले. मोठ्या बाईंनी पोरीला पट्ट्यासकट ऑफिसात बोलावलं. मी पाण्याचे ग्लास घेऊन उभी. पाहुण्या बाईंनी विचारलं, "बाळ, इथे तुला कोणी त्रास देतं का?"

"मला इथे को-को-"

"कोणीच नाही!" मोठ्या बाईंनी वाक्य पुरं करून टाकलं. टाळ्या पडल्या.

माझं डोकंच फिरलं. ट्रे टेबलावर आदळला आणि म्हटलं, "बाई, तिचं बोलून संपलं नाही अजून."

पोरीने चांगलं पाऊण मिनिट घेतलं, पण एकेक शब्द बाहेर काढला. "मला इथे कोणी सोडत नाही. रोज चि-चिडवतात. आणि बाई त्याची चां-चांदणी देतात."

मग पट्टा काढून तिने टेबलावर ठेवला आणि वर्गात निघून गेली. पाहुणेही बक्षीस बॅगेत घालून निघाले.

संध्याकाळी मला मेमो मिळाला, 'स्वागताच्या वातावरणात व्यत्यय आणल्याबद्दल.' वा रे वातावरण! मेमो गेला खड्ड्यात. पोर उद्या येते की नाही, याच घोराने मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी घंटेची वेळ झाली तरी तिचा पत्ता नाही. घंटा झाली की फाटक बंद. मी हातोडी धरून रस्त्याकडे बघत उभी. मोठ्या बाई खिडकीतून ओरडल्या, "मावशी, घंटा!"

"देते," म्हटलं, आणि दिली नाही. अख्खी शाळा मैदानात ताटकळली. सात मिनिटांनी ती कोपऱ्यावरून आली, दप्तर सावरत, बापाच्या दोन पावलं पुढे.

ती फाटकाच्या आत आली, मग मी घंटा दिली.